गोष्टीतल्या राणीनं काय करावं?

दिवाळी झाली की आमचं गाव अर्धं रिकामं होतं. धारूरच्या या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला, कोयत्याला निघालेले ट्रॅक्टर रात्रीच गावाबाहेर पडतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी पार कर्नाटकात. मागं उरतात म्हातारी माणसं आणि आमच्या हंगामी वसतिगृहातली पोरं. मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीला शिकवते. वसतिगृह म्हणायचं, पण आमच्याकडं दोन वेळचं जेवण शाळेत आणि झोपायला आजीकडं अशीच रीत पडलेली. म्हणजे रोज संध्याकाळी ताटं धुऊन ही पोरं अंधारातूनच वस्तीवर जातात.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना एक गोष्ट रचून सांगितली. शेवट मात्र मुद्दाम सांगितला नाही.

चौदा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाचा हात धरून तुरीच्या रानातून घरी निघालीय. मागून मोटारसायकल येऊन थांबते. माणूस कधी न पाहिलेला, पण तिला नावानं हाक मारतो. "तुझी आई फडात उसाच्या गाडीखाली आली. दवाखान्यात हाय. तुझ्या बापानं धाडलंय मला. बस मागं. बारक्याला जाऊ दे घरी." तिच्या आईबापांच्या मुकादमाचं नावही तो बरोबर सांगतो. आता तिनं काय करावं?

पोरींनी तिचं नाव ठेवलं राणी. आधी मुलगेच तावातावानं बोलले. दगड हाणायचा, डोळ्यांत माती टाकायची, गाडीची चावी काढून रानात फेकायची. एकानं विचारलं, "दगड लागून तो मेला तर पोलीस राणीलाच धरतील ना?" मी सांगितलं की स्वतःचा जीव आणि अब्रू वाचवण्याचा हक्क कायद्यानंच दिलेला आहे. बलात्काराच्या किंवा पळवून नेण्याच्या हेतूनं कुणी अंगावर आला, तर त्याला रोखताना त्याचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. वर्गाला हे फार आवडलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मी बसले असते, मॅडम. आई खरंच मरायला टेकली असली तर?"

वर्ग एकदम गप्प झाला. मीही.

उसाच्या गाडीखाली माणूस येणं ही आमच्याकडं गोष्टीतली गोष्ट नाही. 'अनोळखी माणसाशी बोलू नये' हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. पण ज्यांचे आईबाप तीनशे-चारशे किलोमीटरवर कोपीत राहतात, त्यांच्याकडं आईचा निरोप घेऊन येणारा बहुतेक माणूस अनोळखीच असतो. राणीनं गाडीवर पाय टाकला, तर तो मूर्खपणा नाही. ती आईकडं निघालेली आहे.

वाट एका मुलानं काढली. "त्याला विचारायचं, आमच्या मेलेल्या बैलाचं नाव काय?" बापानं खरंच धाडलं असेल तर बाप ते नाव सांगूनच धाडेल. बैल नसलेल्यांनी मग आपापले शब्द शोधले. आईबापांशिवाय आपला शब्द कुणालाही सांगायचा नाही, मलासुद्धा नाही, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, शब्द विचारण्याआधीच त्यानं हात धरला तर? "वरडायचं!" सगळा वर्ग ओरडला. मग मी त्यांना मथुराची हकीगत सांगितली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या, आता गडचिरोलीत असलेल्या देसाईगंजची ही आदिवासी मुलगी. मजुरी करून भावाबरोबर राहणारी, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. 26 मार्च 1972 च्या रात्री पोलीस ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला. उच्च न्यायालयानं दोन पोलिसांना दोषी ठरवलं, पण 1978 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत आणि तिनं आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे तिनं विरोधच केला नाही, असं धरलं गेलं. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी 1979 मध्ये न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 साली कायदा बदलला. नुसता प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला मात्र 2013 उजाडलं.

भीतीनं दातखिळी बसते, हातपाय गळतात, ओरडायचं असूनही आवाज फुटत नाही. कुत्रं अंगावर आल्यावर जागच्या जागी थिजलेल्या सगळ्यांना मी हात वर करायला सांगितलं. सगळ्यात दांडगा मुलगाही हात वर करून होता.

मग चिठ्ठ्या वाटल्या. राणी कशीबशी सुटून घरी आली, असं समजा. ती घरी सांगेल का? नाव न घालता लिहा. ती रात्र मी विसरणार नाही. कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली चिठ्ठ्या उलगडत होते आणि बहुतेकींवर एकच शब्द होता: नाही. 'शाळा बंद करतील.' 'आजी म्हणल आता हिचं लगीन लावून टाका.' एकीनं लिहिलं होतं, 'पप्पा काम सोडून येतील. उचल कशी फिटंल?'

मोटारसायकलवरच्या माणसासमोर राणीला घटकाभर विचार करायचा होता. घरी आल्यावरचा हा विचार तिला रोज करावा लागणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत आमच्या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायकांत चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पोरींची भीती खोटी नाही. आणि देशभरात नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहातल्या नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचाच असतो. तेव्हा तर सांगणं आणखी जड.

म्हणून मी पोक्सो कायदा मुलींआधी आज्ज्यांना सांगितला. लैंगिक अत्याचारापासून मुलांना वाचवणारा 2012 चा हा कायदा आहे. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेते आणि ती गणवेशात येत नाही. मुलीला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. तिचं नाव पेपरात येत नाही. मला कळलं आणि मी पोलिसांना कळवलं नाही, तर गुन्हेगार मी. एका आजीनं हे शेवटचं मला दोनदा म्हणायला लावलं.

यंदा ट्रॅक्टर निघायच्या आदल्या दिवशी पालकांना शाळेत बोलावलं आणि प्रत्येक पोरानं आईच्या कानात आपला शब्द सांगितला. मागच्या बाकावरच्या त्या मुलीच्या आईला मी बाजूला घेऊन म्हटलं, पोरीनं फोनवर काही सांगितलं तर तिला बोल लावू नका, शाळा तोडू नका.

"फोन मुकादमाचा असतो, मॅडम," ती म्हणाली. "त्याच्यासमोर ती काय सांगंल आन् म्या काय ऐकंल?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले आणि चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं माझा नंबर लिहिला, त्याखाली मुलांच्या हेल्पलाइनचा 1098. आजीला अक्षरओळख नाही. नातीनं तिचं बोट हातात धरलं आणि एकेका आकड्यावरून फिरवलं.