नवी रॅम, काळा पडदा

दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन राहणारी आपली मुलं संगणकाचे सुटे भाग आणायला नेहरू प्लेसला जातात. रॅम बसवली, पंखे फिरतात, पडदा मात्र काळा. अशा वेळी लगेच मदरबोर्डला दोष देऊ नये.

डीडीआर५ असेल तर आधी थोडं थांबा. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड नव्या रॅमशी वेग जुळवून घेतो. त्यात काही मिनिटं जातात आणि घाईत बटण दाबणारे तिथेच फसतात. तरीही काही दिसलं नाही, तर वीज तोडून रॅम काढा आणि दोन्ही टोकांना 'कट' वाजेपर्यंत पुन्हा दाबा. एकच पट्टी लावून पाहा. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना 288 पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी. चुकीची पट्टी बसणारच नाही, म्हणून जोर लावू नका. तरीही पडदा काळाच राहिला, तर मदरबोर्डवरचा सीआर2032 बटण-सेल पाच मिनिटं काढून ठेवा, जुन्या सेटिंग पुसल्या जातात.

रॅमसोबत ग्राफिक्स कार्डही नव्याने बसवलं असेल, तर मॉनिटरची केबल अनेकदा अजून मदरबोर्डलाच असते. हसू नका, माझीही होती. दिल्लीच्या कोरड्या थंडीत स्वेटरमुळे अंगात स्थिर वीज साठते. आत हात घालण्याआधी उघड्या धातूला स्पर्श करा.