चेंडूच्या आधी कसं पोचायचं?

तेल्हाऱ्यातलं कुठलंही मैदान घ्या. संध्याकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी भिडू वाटले जातात आणि कुणाच्या तरी वाट्याला हे वाक्य येतंच: "अबे, तू त लय बारका हायेस. तुले कोन घेते?" ज्यांना ज्यांना हे ऐकावं लागलंय, त्यांनी आजचा लेख नीट वाचा. आणि जे हे बोलतात, त्यांनी तर दोनदा वाचा!

आधी एक प्रयोग करू. दप्तरातली 30 सेंटिमीटरची पट्टी काढा. मित्राला ती वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवायला सांगा, शून्य खाली. तुमचा अंगठा आणि तर्जनी शून्यापाशी उघडी ठेवा, पण पट्टीला लावू नका. आता मित्राने न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही चिमटीत पकडायची. कुठे पकडलीत? बहुतेकांची बोटं 15 ते 25 सेंटिमीटरच्या मध्ये कुठेतरी मिटतात. पट्टीला 20 सेंटिमीटर खाली यायला 0.2 सेकंद लागतो. म्हणजे डोळ्याने पाहिलं, मेंदूला कळलं, मेंदूने हुकूम सोडला आणि बोटं मिटली, या सगळ्याला तुम्हाला 0.2 सेकंद लागला.

आता तोच खेळ जरा बदला. मित्राने एका लयीत "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि बरोबर तीनला पट्टी सोडायची. बघा काय होतं ते! पट्टी पाच सेंटिमीटरसुद्धा घसरत नाही, कधी कधी तर जागच्या जागी सापडते. बोटं तीच, डोळे तेच. मग वेग आला कुठून? पट्टी कधी सुटणार हे मेंदूला आधीच ठाऊक होतं, म्हणून त्याने हुकूम आधीच पाठवून दिला. याला म्हणतात पूर्वानुमान.

आता हॉकीच्या मैदानावर चला. जोरात मारलेला चेंडू ताशी 100 किलोमीटरच्याही पुढे जातो. या वेगाने तो एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर कापतो. तुमच्या त्या 0.2 सेकंदात तो साडेपाच मीटर पुढे गेलेला असतो! जो खेळाडू चेंडू निघाल्यावर धावायला लागतो, तो कितीही धिप्पाड असू दे, उशिराच पोचणार. चेंडू कुठे जाणार हे ज्याला आधी कळतं, तो किरकोळ अंगाचा असला तरी तिथे उभा सापडतो.

असा एक किरकोळ अंगाचा फॉरवर्ड आपल्या महाराष्ट्रात घडला. त्याचं नाव धनराज पिल्ले. 1968 साली पुण्याजवळच्या खडकीत त्याचा जन्म झाला. वडील तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करायचे. घरची गरिबी, पण आईने आपल्या पाचही मुलांना हॉकी खेळू दिलं. मोडक्या स्टिका आणि लोकांनी टाकून दिलेले चेंडू घेऊन ही भावंडं मऊ, चिखलाच्या जमिनीवर खेळायची. आपल्या काळ्या मातीच्या मैदानावर चेंडू कसा वागतो हे तुम्हाला सांगायला नकोच. उन्हाळ्यात भेगेवर आपटून भलतीकडेच उडतो, पावसाळ्यात रुतून बसतो. अशा जमिनीवर खेळणाऱ्याला चेंडूवर सतत नजर ठेवावी लागते आणि मनगटंही सैल ठेवावी लागतात.

धनराजचा आदर्श होता बनारसचा मोहम्मद शाहिद, डॉज देण्यात पटाईत. त्याची नक्कल करत करत धनराज मोठा झाला. मग तो मुंबईला मोठा भाऊ रमेश याच्याकडे गेला. रमेश स्वतः भारताकडून खेळलेला, त्याने धाकट्याला घडवलं. 1989 साली दिल्लीच्या आशिया कपमध्ये धनराज पहिल्यांदा भारताकडून उतरला. पुढची पंधरा वर्षं समोरच्या धिप्पाड बचावपटूंची त्याने त्रेधा उडवली. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा! 1998 साली बँकॉकला तो कर्णधार होता आणि आशियाई स्पर्धेतलं हॉकीचं सुवर्णपदक भारताच्या पुरुष संघाला 32 वर्षांनी मिळालं.

डॉज म्हणजे नेमकं काय, ते जरा जवळून बघू. चेंडू घेऊन येणारा फॉरवर्ड डावा खांदा किंचित खाली झुकवतो. समोरच्याला वाटतं, हा डावीकडे निघाला. त्याचा मेंदू पायांना हुकूम सोडतो आणि अंगाचा सगळा भार त्या बाजूला जातो. तेवढ्यात फॉरवर्ड मनगट वळवून चेंडू उजवीकडे ओढतो. बचावपटूला चूक दिसते, पण नवा हुकूम पायांपर्यंत पोचायला पुन्हा 0.2 सेकंद हवा! तेवढ्यात हा पसार. पाहिलंत? समोरचा काय अंदाज बांधेल, याचाच अंदाज फॉरवर्डने आधी बांधलेला असतो. आणि इथे बारीक अंगाचा फायदाही होतो. वजन कमी असलं की थांबायला आणि दिशा बदलायला जोर कमी लागतो. उंची कमी असली की अंगाचा गुरुत्वमध्य जमिनीजवळ राहतो, त्यामुळे झटकन वळताना तोल सावरणं सोपं जातं.

मग हा अंदाज जन्मतःच येतो का? कॅनडातल्या जॅनेट स्टार्क्स यांनी हाच प्रश्न हॉकी खेळाडूंना घेऊन तपासला. 1987 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या साध्या प्रतिक्रियेच्या वेगात राष्ट्रीय संघातले खेळाडू आणि इतर लोक यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक पडला तो वेगळ्याच ठिकाणी. चालू सामन्याचं चित्र क्षणभर दाखवून "कोण कुठे उभं होतं?" असं विचारलं की राष्ट्रीय खेळाडूंना कितीतरी जास्त आठवायचं. खेळाडू कसेही विस्कळीत उभे असलेलं चित्र दाखवलं, तर मात्र त्यांची ही आघाडी टिकत नव्हती. म्हणजे त्यांची सगळी स्मरणशक्तीच जबर होती असं नव्हे. हजारो वेळा खेळून, बघून त्यांना खेळाची मांडणी वाचता यायला लागली होती. तुम्ही 'तेल्हारा' हा शब्द एका नजरेत वाचता, अक्षर अक्षर लावत बसत नाही, तसंच ते. आणि वाचायला शिकण्यासाठी उंची लागत नाही!

म्हणून उद्यापासून तीन गोष्टी करून बघा. पहिली: चेंडू तुमच्याकडे यायच्या आधी एकदा मान वळवून मागे कोण आहे ते बघून घ्या. दुसरी: समोरच्याच्या हातांकडे, कमरेकडे आणि पायांकडे लक्ष द्या, तो कुठे वळणार याची चाहूल तिथे आधी लागते. तिसरी: बाहेर बसावं लागलं तर मोबाइल काढू नका. "आता हा कुणाला पास देईल?" हे दर वेळी मनात ठरवा आणि बरोबर आलं का ते ताडून बघा.

आणि हो, पट्टीचा प्रयोग सगळ्या वर्गाचा करा. वहीत दोन रकाने आखा. एकात प्रत्येकाची उंची, दुसऱ्यात त्याने किंवा तिने पट्टी कुठे पकडली तो आकडा. उंच मुलंच पट्टी लवकर पकडतात का, याचा निकाल तुमच्याच आकड्यांवरून लावा. मग पुढच्या वेळी भिडू वाटताना ती वही मैदानावर घेऊन जा.