घरगुती सर्व्हर रॅक : वेल्डिंगवाल्यांना जोडधंदा

माइनक्राफ्टसारखे संगणकी खेळ मित्रांच्या जोडीने खेळता यावेत म्हणून हल्ली काही तरुण ऑफिसातून निघालेला जुना संगणक घेऊन घरीच सर्व्हर चालवतात. तो ठेवण्याचा तयार रॅक कधी कधी संगणकापेक्षाही महाग पडतो. रॅक म्हणजे काय, तर अँगलची चौकट! आपले कारागीर बांधव ती सहज करतील. माप मात्र चुकता कामा नये.

पॅनेलची रुंदी 19 इंच, म्हणजे 482.6 मिमी. उभ्या अँगलमधील मोकळी जागा किमान 450 मिमी, डाव्या-उजव्या भोकांचे मध्यांतर सुमारे 465 मिमी. उंची ‘यू’मध्ये मोजतात, एक यू म्हणजे पावणेदोन इंच. प्रत्येक यूला तीन भोके, पण ती समान अंतरावर नसतात. मध्यांतर 15.9, 15.9, मग 12.7 मिमी, आणि पुन्हा तसेच. आम्ही पहिल्या चौकटीला सगळी भोके सारख्या अंतराने पाडली. एक यूचे पॅनेल बसले, दोन यूचा सर्व्हर काही बसेना. अँगल भंगारात, मजुरी अंगावर.

साध्या डेस्कटॉपला स्क्रूची सोय नसते, त्याला आडवा ट्रे द्यावा. मागची बाजू हवेसाठी उघडी ठेवावी. एक यूच्या सर्व्हरचे छोटे पंखे फार आवाज करतात, झोपायच्या खोलीत नकोच. शिवाय 100 वॉटचे यंत्र अहोरात्र चालले तर महिन्याला 72 युनिट वीज जाते. गिऱ्हाईकाला हे ऑर्डर घेतानाच सांगावे.