कापडाचा भाव आणि पिसाचा लिओनार्दो

आम्ही उर्दू शाळेत शून्याला 'सिफर' म्हणत शिकलो. पेपरात सिफर मिळाला की घरी काय व्हायचे ते सांगायला नको. याच अरबी शब्दाने युरोपातल्या व्यापाऱ्यांची वही बदलली.

इटलीतल्या पिसा शहरात सुमारे ११७० साली लिओनार्दोचा जन्म झाला. जग त्याला आज फिबोनाची म्हणते. हे नाव मात्र त्याच्यामागे कित्येक शतकांनी रूढ झाले. त्याचे वडील अल्जिरियातल्या बुजिया बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांच्या जकातीचे काम पाहत. मुलगा हिशेबात तयार व्हावा म्हणून त्यांनी त्याला तिथेच बोलावून घेतले. तिथे त्याने हिंदी अंक शिकले. हे अंक हिंदुस्थानातून अरबांकडे गेले होते आणि अल-ख्वारिज्मीने नवव्या शतकात त्यांच्यावर पुस्तक लिहिले होते. पुढे इजिप्त, शाम, ग्रीस, सिसिली असा प्रवास करत लिओनार्दो शिकतच राहिला. १२०२ मध्ये त्याने 'लिबेर आबाची' हा ग्रंथ लिहिला.

तेव्हा युरोपात रक्कम रोमन अंकांत लिहीत आणि बेरीज-गुणाकार पाटावर सोंगट्या मांडून करीत. सोंगट्या उचलल्या की हिशेब पुसला! चूक कुठे झाली ते शोधणार कसे? नव्या रीतीत प्रत्येक पायरी कागदावर राहते. शिवाय लिओनार्दोने नवाचा ताळा घेऊन उत्तर तपासायलाही शिकवले. आपले जुने मुनीम हेच करीत.

ग्रंथातला मोठा भाग धंद्याचा आहे: मालाचे भाव, अदलाबदल, भागीदारीतला नफा, नाण्यांतली चांदी. एक उदाहरण तर आमच्याच पेठेतले वाटावे. २० हात कापड ३ पौंडांना आणि ४२ रोतुल कापूस ५ पौंडांना मिळतो, तर ५० हात कापडाच्या बदल्यात कापूस किती? कापडाची किंमत साडेसात पौंड, म्हणून कापूस ६३ रोतुल. हा रोतुल म्हणजे अरबी रतल. आपल्याकडे रत्तल म्हणत ते त्याचेच भावंड, वजन मात्र जागोजागी वेगळे.

सशांच्या जोड्यांचे कोडे, ज्यात वर्षाअखेर ३७७ जोड्या होतात, त्याचीच आज जास्त चर्चा होते. व्यापाऱ्याला त्याचा काय उपयोग, अल्लाह जाणे.

लिओनार्दोने लॅटिनमध्ये सिफरला 'झेफिरुम' केले. त्याचेच पुढे 'झीरो' झाले. पण नवे अंक लगेच कुणी स्वीकारले नाहीत. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वहीत ते लिहायला बंदी घातली. शून्याला शेपूट जोडली की ६ किंवा ९ होतो, हा धोका खोटा नव्हता. चेकवर रक्कम अक्षरांतही लिहावी लागते, ती काही उगाच नाही.

तरीही इटलीच्या शहरांत व्यापाऱ्यांच्या मुलांसाठी हिशेबाच्या खास शाळा निघाल्या आणि तिथे हेच अंक शिकवले जाऊ लागले. १४९४ मध्ये व्हेनिसला लुका पाचोलीचे पुस्तक छापले गेले. जमा-नावेची दुहेरी पद्धत त्यात मांडली आहे आणि लिओनार्दोचे ऋणही मान्य केले आहे. खुद्द लिओनार्दोला पिसाने म्हातारपणी वर्षाला २० पौंड मानधन लावून दिले होते. वरच्या भावाने त्यात १६८ रोतुल कापूस आला असता.