गांबेलाची ‘पडीक’ जमीन : परदेशी गुंतवणुकीचा एक धडा

२००७-०८ मध्ये जगभर धान्याचे भाव कडाडले आणि अनेक देशांनी निर्यातीवर बंधने घातली. त्यानंतर धान्य आयात करणाऱ्या देशांचे व खासगी कंपन्यांचे लक्ष आफ्रिकेतील जमिनींकडे वळले. त्यांत भारतीय कंपन्याही होत्या. गुलाबशेतीत नाव मिळविलेल्या बंगळूरूच्या करुतुरी ग्लोबल या कंपनीने पश्चिम इथिओपियातील गांबेला प्रदेशात १ लाख हेक्टर जमीन ५० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. भाडे होते हेक्टरी वर्षाला अवघे २० बिर.

जमीन कोणाची?

इथिओपियाच्या १९९५ च्या राज्यघटनेनुसार जमिनीची मालकी राज्य व जनतेकडे असते. शेतकऱ्याला केवळ वहिवाटीचा हक्क मिळतो. त्यामुळे करार शासनाशी झाला. शासनाच्या लेखी ही जमीन मुख्यतः विनावापर होती. प्रत्यक्षात अनुआक शेतकरी पूर ओसरल्यावर नदीकाठच्या गाळात, उरलेल्या ओलीवर मका व ज्वारी घेतात, तर नुएर पशुपालक कोरड्या हंगामात याच काठांवर गुरे चारतात. नांगराची खूण नाही म्हणून जमीन निरुपयोगी ठरत नाही. आपल्याकडेही सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून नोंदलेल्या तुकड्यावर गावची गुरे चरत असतात.

पुराने दिलेले उत्तर

२०११ मध्ये बारो व अलवेरो नद्यांच्या पुरापुढे कंपनीचे बांध टिकले नाहीत आणि मक्याचे पीक बुडाले. स्थानिक शेती पुराच्या वेळापत्रकाशी जुळवून घेणारी होती. नवी शेती पुराला अडवू पाहणारी होती. डिसेंबर २०१५ मध्ये शासनाने करार रद्द केला. सुमारे १,२०० हेक्टरच विकसित झाल्याचे शासनाचे म्हणणे होते. कंपनीने हा निर्णय अमान्य केला.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी बोध

स्वस्त भाडे म्हणजे स्वस्त शेती नव्हे. मोठ्या क्षेत्रावरील कोणत्याही प्रकल्पापूर्वी तीन बाबी तपासाव्यात : सर्वोच्च पूररेषा, जमिनीचा ऋतुनिहाय प्रत्यक्ष वापर आणि वापरकर्त्यांची संमती. त्यानंतर लहान क्षेत्रावर किमान काही हंगाम चाचणी घ्यावी, मगच विस्तार करावा. जमीन, मत्स्यक्षेत्र व वने यांच्या धारणाधिकाराबाबत २०१२ मध्ये संमत झालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही नोंद नसलेल्या पारंपरिक हक्कांचा आदर करण्यास सांगतात. ती ऐच्छिक आहेत. म्हणूनच कागदावर न उमटलेला वापर शिवारात जाऊन नोंदविण्याचे काम महत्त्वाचे ठरते.