काडतूस अडते तेव्हा दोष कोणाचा?

देवगड-मालवणच्या किनाऱ्यापासून दोडामार्गच्या डोंगरपट्ट्यापर्यंत सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाची बंदूक ही नवलाची गोष्ट नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भाताचे उभे पीक लोळवतो, माकडे कोवळे नारळ फोडून टाकतात. म्हणून घरोघरच्या जुन्या ठासणीच्या बंदुकीची जागा १२ बोअरची एकनळी किंवा दुनळी घेऊ लागली. मात्र नवी बंदूक घरी आल्यावर थोड्याच दिवसांत एक तक्रार ऐकू येते: काडतूस पुरते आत बसत नाही, किंवा उडाल्यावर बाहेर निघत नाही. अशा वेळी बोल कारखान्याला लावला जातो. वास्तविक दोष बंदुकीत असण्यापूर्वी तो वंगणात, ओलाव्यात किंवा काडतुसाच्या निवडीत शोधला पाहिजे.

एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर त्यातील एका गोळीचा जो व्यास, तो १२ बोअरच्या नळीचा व्यास. म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. नळीच्या मागच्या टोकाला काडतुसाचे घर, अर्थात चेंबर असते. ते काडतुसाच्या मापाला अगदी नेमके कोरलेले असते. तेथे कागदाच्या जाडीएवढा थर साचला तरी काडतूस अडते.

नव्या बंदुकीत हा थर बहुधा कारखान्यातील दाट वंगणाचा असतो. साठवणुकीत गंज चढू नये म्हणून ते चोपडलेले असते, वापरासाठी नव्हे. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून चेंबर व नळी कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावी आणि बंदुकीच्या तेलाचा केवळ पुसट हात फिरवावा. घरचे खोबरेल तेल कटाक्षाने टाळावे. ते सुमारे २४ अंश सेल्सियसखाली थिजते. माघातल्या पहाटे ते फायरिंग पिनभोवती गोठले, तर पिनेचा आघात दुबळा होतो आणि काडतूस उडतच नाही.

दुसरे कारण हवेचे. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि बारमाही खारा वारा यांत पोलाद लवकर गंजते. चेंबरमध्ये गंजाचे खड्डे पडले, की उडताना फुगलेले नळकांडे त्या खड्ड्यांत रुतते आणि एक्स्ट्रॅक्टरला ओढता येत नाही. कागदी काडतूस ओलावा शोषून फुगते, तर प्लॅस्टिकच्या काडतुसाचे पितळी बूड हिरवे पडते. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसे महिनोन्‌महिने ठेवल्यास हा कळंक अधिक चढतो. ओल लागू नये म्हणून ती चुलीजवळ किंवा कौलांखालच्या तापत्या माळ्यावर ठेवणे तर अधिकच घातक. घट्ट झाकणाचा डबा आणि थंड, कोरडी, कुलूपबंद जागा हाच योग्य उपाय होय.

तिसरे कारण मापाचे, आणि खरा धोका येथेच आहे. काडतुसावर लिहिलेली ७० मिलिमीटर ही लांबी उडाल्यानंतर तोंड उलगडलेल्या नळकांड्याची असते. त्यामुळे ६५ मिलिमीटरच्या जुन्या चेंबरमध्येही ते सहज शिरते. परंतु उडताना तोंड उलगडायला जागा न मिळाल्याने दाब धोकादायकरीत्या वाढू शकतो. नळीवरील खुणा पाहिल्याविना काडतूस घेऊ नये. त्याहून भयंकर म्हणजे २० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरमध्ये जाणे. ते चेंबरमधून घसरून पुढे नळीत अडकते. मागे दुसरे काडतूस भरून चाप ओढला, की नळी फुटून हात किंवा डोळा गमावण्याची पाळी येते.

अर्धस्वयंचलित बंदुकीत आणखी एक कारण संभवते. जॉन ब्राउनिंग यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी रूढ केलेल्या या प्रकारात रिकामे नळकांडे फेकणे व नवे काडतूस आत घेणे ही कामे बंदुकीच्या धक्क्याने किंवा दारूच्या वायूने होतात. काडतूस हलके असेल किंवा नवे सुटे भाग अजून ताठ असतील, तर हे चक्र अर्ध्यावर थांबते. नळकांडे बाहेर पडलेच नाही, तर प्रथम हलके काडतूस व साचलेली घाण यांचा संशय घ्यावा. ते पडले पण पुढचे आले नाही, तर मॅगझिनची स्प्रिंग किंवा काडतूस उचलणारी पट्टी तपासून घ्यावी.

चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबावे. दारू उशिरा पेटू शकते. नुसता ‘फुस्’ असा आवाज आला, तर बंदूक रिकामी करून नळी आरपार दिसते की नाही हे मागच्या बाजूने पाहिल्याखेरीज दुसरे काडतूस भरू नये. अडकलेले काडतूस सळईने ठोकून काढणे किंवा चेंबर कानशीने घासणे हे प्रकार जिवावर बेतणारे आहेत. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्तीसाठी परवाना आवश्यक असल्याने गावच्या लोहारशाळेत हे काम करून घेणे बेकायदाही ठरते.

निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. जमा करण्यापूर्वी नळी पुसून तेलाचा हात द्यावा. परत मिळाल्यावर गंज पाहावाच, शिवाय कुंभारीण माशीने नळीत मातीचे घर केले नाही ना, हेही पाहावे.

बंदुकीचा परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची मुभा नव्हे. त्यासाठी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली स्वतंत्र परवानगी लागते. परवानगी हाती असली, तरी रानडुकरासमोर अडलेली बंदूक ही शेतकऱ्याचीच परीक्षा असते. ती टाळण्याची वेळ शेताच्या बांधावर नव्हे, तर दिवसाउजेडी घरी, हाती कोरडे फडके घेतल्यावर येते.