आठ हजारांचा अ‍ॅम्प? अरे, थांब जरा!

एका श्रोत्याने विचारलंय, "दादा, 32 ओहमच्या इअरफोनसाठी आठ हजारांचा अ‍ॅम्प घेऊ का?"

थांब रे बाबा. फोनमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. सीडीच्या दर्जात सेकंदाला 44,100 मापं. डॅक त्या आकड्यांपासून विजेची लहर बनवतो, अ‍ॅम्प तिला हेडफोन हलवण्याइतका जोर देतो. टाइप-सीच्या चांगल्या डोंगलमध्ये दोन्ही असतात. ‘चांगल्या’ म्हणतोय, कारण माझा पहिला, सगळ्यात स्वस्तातला, आतून नुसती वायर निघाला! माझ्या फोनच्या टाइप-सीतून अ‍ॅनालॉग आवाज येतच नाही. पैसे पाण्यात.

आता हिशोब. डोंगल 1 व्होल्ट देत असेल, तर 32 ओहमला साधारण 31 मिलिवॉट मिळतात. 300 ओहमच्या सेनहायझर एचडी 600 ला जेमतेम 3, आणि तेवढ्यातही तो 97 डेसिबलपर्यंत जातो. तुझ्या इअरफोनला अजून किती हवंय?

आधी मित्राचा डोंगल दोन दिवस मागून आण. फुल्ल व्हॉल्यूमलाही हळूच वाटलं, तर अ‍ॅम्पचं बोलू. आणि हो, ब्लूटूथवाल्यांनो, तुमचा डॅक इअरबडमध्येच आहे. तुम्ही डोंगल घेऊच नका.